वातड भाकर

पिंगळीच्या मंडळीत अकरा वर्षं प्रभुभोजनाची भाकर, येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीत सगळ्यांनी वाटून खायची ती, माझ्या हातची होती. मंडळी म्हणजे तरी काय, सात ख्रिस्ती घरं आणि स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर मातीच्या भिंतींचं एक प्रार्थनाघर. पण तीन महिन्यांनी एकदा पाळक दिनकरराव परभणीहून निजाम सरकारच्या रेल्वेनं उतरले की त्या सात घरांत सणासारखी धांदल उडायची. आणि त्या धांदलीत सगळ्यांत महत्त्वाचं माणूस मी असायचे. निदान मला तसं वाटायचं.

सुरुवातीला पाळकसाहेब डबलरोटी बरोबर आणायचे. एकदा तिला बुरशी आली, एकदा पेटीत मुंग्या शिरल्या. मग ते म्हणाले, "तुम्ही रोज जे खाता तेच आणा. प्रभूनंही रोजचंच हातात घेतलं होतं." तेव्हापासून ज्वारीची भाकर आणि काळ्या मनुका कुस्करून केलेलं पाणी. मनुका पाळकसाहेबांच्या, भाकर भिवराबाईची. भिवराबाई म्हणजे मी. पांढरी टाळकी ज्वारी मी निवडून वेगळी ठेवायचे, आदल्या दिवशी दळायचे, आणि भाकर अशी पातळ थापायचे की पाळकसाहेबांनी दोन बोटं लावली की ती कडेपासून मध्यापर्यंत सरळ मोडायची. ते मोडणं मी पहिल्या रांगेतून बघायचे. तेवढंच माझं सुख होतं.

आमचं घर मेंढरांचं. माझे मालक येडबा आणि धाकटा दीर बिरू मेंढरं राखायचे आणि लोकरीच्या घोंगड्या विणायचे. सासऱ्यांनी येशूला धरलं तेव्हा भावकीनं पंगत तोडली. मेंढरं मात्र सोडून गेली नाहीत, म्हणून निभावलं.

बिरूची बायको भागू. वालूरची. एक अंगण, दोन चुली आणि दोघींत मिळून एक जातं. भागू रंगानं उजळ, बोलायला गोड आणि मनानं अगदी वाऱ्यावरची. हे मी रागानं सांगतेय असं वाटेल. तेव्हा तर मी तिच्याकडं रागाशिवाय बघितलंच नाही.

तिचं लेकरू तापलं. ताप उतरेना, तेव्हा भिऊन ती माहेरच्या देवीला नवस बोलून आली. लेकरू गेलंच. नवसाची गोष्ट आश्रुबांच्या कानावर गेली. आश्रुबा म्हणजे आमच्या मंडळीचे वडील, पंचच म्हणा. शिस्तीचा माणूस. त्यांनी भागूला तीन महिने दारापाशी बसवलं. आमच्याकडं तशीच रीत होती. जो चुकला त्यानं दारापाशी बसायचं, सगळ्यांच्या वहाणा असतात तिथं, आणि भाकर घ्यायची नाही. तीन महिने भरले की पाळकसाहेब त्याला हाताला धरून पुढं आणायचे.

भागूला त्यांनी पुढं आणलं तेव्हा ती हमसून रडली. बायका रडल्या, आश्रुबांनी डोळे पुसले, सगळ्यांनी उभं राहून गाणं म्हटलं. आणि त्या दुपारी पाळकसाहेब जेवले ते भागूच्या घरी.

दुसऱ्यांदा शिंदी. लेकरू गेल्यापासून ती शिंदी प्यायला लागली होती. बाजारच्या दिवशी भर रस्त्यात ती आश्रुबांना नको नको ते बोलली. पुन्हा दार, पुन्हा तीन महिने, पुन्हा रडारड आणि गाणं. पुन्हा पाळकसाहेब तिच्याच घरी जेवायला.

तिसऱ्यांदा तर ती रेल्वेतल्या एका गँगमनबरोबर पूर्णेला निघून गेली आणि पाच महिने तिथं राहिली. मग एका सकाळी वाळून काडी झालेली अशी अंगणात येऊन उभी राहिली. आमच्या बिरूनं काय करावं? आत गेला आणि तिच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. मी माझ्या चुलीपुढून बघत होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता.

आता माझं सांगते. नवसाची गोष्ट आश्रुबांना कुणी सांगितली? मी. शिंदीची कुणकुण पाळकसाहेबांना कुणी दिली? मी. पूर्णेला जायच्या आदल्या दिवशी ती अंगणात बसून म्हणाली होती, "आक्का, इथं जीव घुसमटायलाय माझा." तेव्हा "मग जा की, कुणी धरलंय तुला?" हे कोण म्हणालं? मीच. खरं तेच सांगितलं, वावगं काय बोलले, असं मी मनाला समजवायचे. पण दर वेळी मेंढवाड्यामागं जाऊन मी गुडघे टेकले होते आणि म्हटलं होतं, प्रभू, आता पुरे, आता मी तिच्यावर जळणार नाही. तो शब्द पाळकसाहेब तिच्या घरी जेवायला बसेपर्यंत टिकायचा.

काय जळत होतं माझं? मी कधी शिंदीला तोंड लावलं नाही. कधी रविवार चुकवला नाही. मला कुणी हाताला धरून पुढं आणलं नाही, कारण मी पुढंच बसलेली असायचे. माझ्यासाठी कुणी उभं राहून गाणं म्हटलं नाही. माझे दोन मुलगे धडधाकट, तिचं एकुलतं एक मातीत गेलेलं, आणि तरी मी तिचा हेवा करत होते. तिला मिळणाऱ्या माफीचा हेवा. देवानं तिला पुन्हा पुन्हा पोटाशी धरलं आणि माझ्याकडं एकदा वळून बघितलं नाही, असं मला मनापासून वाटत होतं.

तर तिसऱ्या वेळेचे तीन महिने भरत आले. पुनरुत्थानाचा सण होता. शनिवारी सकाळी पाळकसाहेब गाडीतून उतरले. मी भाकरीची धुतलेली दुरडी आणि पांढरं फडकं घेऊनच स्टेशनावर गेले होते. पेटी आश्रुबांच्या हातात देता देता ते म्हणाले, "उद्या भागुबाईंना पुढं आणायचं. आणि या वेळची भाकर त्यांच्याच हातची असू द्या."

दुरडी माझ्या काखेत होती. कुणाचं तिच्याकडं लक्षही गेलं नाही.

मागं उभी असलेली भागू आणखी मागं सरकली. "मी? न्हाई जमायचं मला, पाळकसाहेब." ते हसले. "रोज करता की नाही? तशीच करा." आणि घरी येताना ती माझ्याच मागं मागं. "आक्का, ज्वारी कोणती घिऊ? पातळ थापू का जाड? तुमी कशी करता वं?" मी म्हटलं, "देवाचं काम हाय. देवच शिकवंल तुला."

दुपारी तिनं ज्वारी दळली. पीठ काठवटीत काढलं, वर फडकं टाकलं आणि घागर घेऊन विहिरीवर गेली. अंगणात कुणी नव्हतं.

आमच्या घरात चिंचोक्याचं पीठ कायम असायचं. चिंचोके भाजायचे, टरफलं काढायची, जात्यावर दळायचे, आणि पाण्यात शिजवून त्याची खळ करायची. घोंगडी विणण्याआधी ती सुताला लावतात, म्हणजे सूत ताठ आणि चिवट होतं. सासूबाईंचा दंडक होता की चिंचोके दळले की लगेच दोन मुठी ज्वारी जात्यातून फिरवायची आणि ते पीठ शेळीला टाकायचं. नाही तर पुढच्या भाकरीत चिंचोका उतरतो आणि भाकर चामड्यासारखी होते. आदल्या दिवशी, शुक्रवारीच, भागूनं चिंचोके दळले होते. त्यानंतर दोन मुठी ज्वारी फिरवून ते पीठ शेळीला टाकलं होतं. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं.

मी चिंचोक्याचं गाडगं उघडलं. दोन मुठी घेतल्या. तिसरीही घेतली. तिच्या पिठात कालवल्या आणि फडकं होतं तसं टाकलं. हात धुतले, आणि धुताना मला कसलंच वाईट वाटलं नाही. उलट इतक्या वर्षांत पहिल्यांदा पोटातली आग जरा थंडावल्यासारखी वाटली.

त्या संध्याकाळी साफ सभा होती. प्रभुभोजनाच्या आदल्या संध्याकाळी पाळकसाहेब वहीतून एकेक नाव वाचायचे आणि विचारायचे, "मन साफ आहे?" ज्याच्या मनात कुणाबद्दल काही असेल त्यानं तिथंच सांगून मिटवायचं. माझं नाव आलं. "साफ हाय," मी म्हटलं. नेहमीसारखं, सगळ्यांत मोठ्या आवाजात.

रविवारी सकाळी भागू माझ्या दारात आली. कोपरापर्यंत हात पिठानं बरबटलेले, चेहरा पांढराफटक. "आक्का, पीठ चिकट लागायलंय. वास बी चिंचोक्याचा यायलाय. परवा जातं नीट साफ केलं न्हाई की काय म्या. वाटीभर पीठ द्या ना, आक्का. पाया पडते."

माझ्या मागं पिठाचा डबा होता. काठोकाठ भरलेला.

"पीठ संपलंय," मी म्हटलं.

ती परत फिरली. इतर घरं लांब होती आणि प्रार्थनाघराची घंटा वाजायला लागली होती. तिनं आहे त्याच पिठाची भाकर केली.

पाळकसाहेबांनी तिला हाताला धरून पुढं आणलं, गाणं झालं, सगळं नेहमीसारखं. मग त्यांनी भाकर उचलली, डोळे मिटून धन्यवाद दिला आणि ती मोडायला लागले. मोडेना. त्यांनी दोन्ही हातांनी धरली. भाकर वाकली, लांबली, पण तुटेना. मागं एक बाई फिस्सकन हसली. पाळकसाहेबांच्या कपाळावर घाम आला. शेवटी आश्रुबा उठले, कमरेला खोचलेली, लोकर कापायची कातर काढली, धोतराला पुसली आणि त्यांच्यापुढं धरली. मग मात्र सगळं प्रार्थनाघर हसलं. पाळकसाहेबसुद्धा हसले. मेंढराची लोकर कातरावी तशी त्यांनी प्रभूची भाकर कातरली.

भागू हसली नाही. ती उठली, आणि कुणी काही म्हणायच्या आत दारापाशी जाऊन बसली. वहाणांमध्ये, तिच्या जुन्या जागी. त्या वेळी तिला तिथं कुणी पाठवलं नव्हतं.

ताट माझ्यापुढं आलं. मी तुकडा तोंडात घातला. चावला, पुन्हा चावला. गिळवेना. लोक अजून चावत होते, म्हणून कुणाला काही कळलं नाही. मी हळूच तो तोंडातून काढला आणि पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवला. प्रभूची भाकर टाकायची कुठं? घरी आल्यावर गाडग्याखाली ठेवली. ती दगडासारखी कडक झाली तरी टाकवली नाही.

तुम्हाला वाटेल मला पश्चात्ताप झाला. नाही झाला. मला वाटलं, चला, आता सगळं जागच्या जागी येईल. पण भागू प्रार्थनाघरात यायचीच बंद झाली. रविवारी घंटा वाजली की ती मेंढवाडा झाडायला घ्यायची. एक वडारीण बोलावून तिनं जात्याला नव्यानं टाकी लावून घेतली, दोन्ही तळ्या खरखरीत करून घेतल्या, तरी बोटानं भोकाच्या कडा खरवडत बसायची. आणि मला विचारायची, मलाच, "आक्का, तुमी तितंच व्हता ना त्या शुक्रवारी? म्या दोन मुठी फिरवल्या व्हत्या का वं?"

"मला न्हाई बाई आठवत," मी म्हणायचे.

"मला वाटतंय फिरवल्या व्हत्या. पर इसरले आसंन. माझ्या हातून देवाचं एक काम सरळ व्हत न्हाई." हे बोलताना तिच्या डोळ्यांतून पाणी गळायचं. खरं सांगते, मला त्या पाण्याचासुद्धा हेवा वाटला. मला तसं रडता येत नव्हतं. मी मेंढवाड्यामागं गुडघे टेकायला गेले तर तोंडातून शब्द फुटेना. चौथ्यांदा काय म्हणून तोंड उघडायचं? प्रभू, आता पुरे, हे तर तीनदा म्हणून झालं होतं.

असे तीन महिने गेले. आषाढात पाळकसाहेब यायचे होते. शनिवारी मी स्टेशनावर निघाले तेव्हा भागू अंगणात लोकर पिंजत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "आक्का, पाळकसाहेबाला सांगा, माझं नाव वहीतून काढा म्हणावं."

"कामून?"

"त्यानं तरी किती डाव उचलून घ्यावं मला? तीन डाव घेतलं. आता मलाच त्याच्याम्होरं जायची लाज वाटायलीय. पुसून टाका म्हणावं. मी काई कुटं जात न्हाई, हितंच ऱ्हाईन. पर देवाच्या वहीत नगं."

मला हवं होतं ते सगळं तिनं आपल्या हातानं माझ्या ओटीत टाकलं. एवढा निरोप पोचवला की झालं. पुन्हा तिच्यासाठी गाणं नाही, तिच्या घरी पंगत नाही. मी वाटभर तो निरोप घोळवत स्टेशनापर्यंत चालत गेले. पाळकसाहेब उतरले, म्हणाले, "भिवराबाई, बरं आहे ना?" मी म्हटलं, "बरं हाय." निरोप मी दिलाच नाही.

दिवेलागणीला साफ सभा भरली. पाळकसाहेबांनी वही उघडली. आश्रुबा साफ, त्यांची बायको साफ, येडबा साफ, बिरू साफ. मग, "भागुबाई." ती आलीच नव्हती. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, कारण मी तिची थोरली जाऊ. पाळकसाहेबांनी टाक वहीवर टेकवला, मग तो उचलून पुढचं नाव वाचलं.

"भिवराबाई. मन साफ आहे?"

अकरा वर्षांची सवय. "साफ" हा शब्द जिभेच्या टोकावर येऊन बसला होता. मी पदराला हात लावला. कडक तुकडा त्या दिवशी मी बरोबर आणला होता. का आणला होता ते आजही मला सांगता येणार नाही.

"न्हाई," मी म्हटलं. "साफ न्हाई. कवाच नव्हतं."

मग सगळं बाहेर आलं. चिंचोक्याच्या तीन मुठी, भरलेला डबा, शुक्रवारच्या दोन मुठी ज्वारी, नवसाची चहाडी, शिंदीची, "जा की, कुणी धरलंय" हेसुद्धा. बिरू ताडकन उठला आणि बाहेर निघून गेला. येडबांनी मान खाली घातली. मी गाठ सोडून तो तुकडा चटईवर ठेवला. म्हटलं, "ही बगा. मला गिळवली न्हाई. दर डावाला मी मन साफ हाय म्हणून खोटं बोलून भाकर खाल्ली. देवाला आता माझा ईट आला आसंन."

मग पाळकसाहेबांनी तो तुकडा उचलला आणि दिव्यापाशी धरला. "ही भाकर मी कातरली तेव्हा मला ठाऊक नव्हतं चिंचोका कुणी कालवला," ते म्हणाले. "आश्रुबांना नव्हतं ठाऊक. भागुबाईंनाही नव्हतं. ज्याची भाकर होती त्याला मात्र ठाऊक होतं, भिवराबाई. त्या दिवशीही होतं आणि आधीची अकरा वर्षंही. ठाऊक असून त्यानं तुमच्यापुढं ताट धरलं. दर वेळी धरलं."

मला वाटत होतं की तो माझ्याकडं कधी बघतच नाही. आणि तो तर मी गाडगं उघडताना बघत होता, आणि दुसऱ्या दिवशी मलाच वाढत होता. मला हुंदका आला. लाज नव्हती उरली. तोंडात पदर कोंबून मी रडले, अगदी भागूसारखी. कुणी गाणं म्हटलं नाही.

आश्रुबा खाकरले. "रडणं ठीक हाय. पर शिस्त म्हंजी शिस्त. तीन म्हैने दार." पाळकसाहेबांनी मान डोलावली. "आणि आधी भागुबाईंकडं जा," ते म्हणाले.

मी गेले. बिरूनं तिला सांगितलेलं होतं. ती लोकरीच्या ढिगाशी तशीच बसलेली, हात थांबलेले. मी समोर उभी राहिले. माफी माग, माफी माग, असं मी स्वतःला म्हणत होते, पण तिनंच आधी विचारलं, आणि चिंचोक्याचं विचारलं नाही.

"म्या दारात आले तवा पीठ व्हतं तुमच्याकडं?"

"व्हतं."

"किती?"

"डबा भरून."

ती उठली. मला वाटलं, मारते आता. तिनं लोकरीचं टोपलं उचललं आणि भिंतीवर आपटलं. लोकर सगळ्या अंगणात उडाली. "तीन म्हैने म्या ते जातं खरवडलं! माझी बोटं सोलली! जावा इथनं. तोंड दावू नका मला."

मी माझ्या चुलीपाशी येऊन बसले. ती म्हणाली त्यात काय चूक होतं? तिनं मला कधीच माफ केलं नसतं तरी माझा हक्क नव्हता.

सकाळी जाग आली ती जात्याच्या आवाजानं. थोडं फिरे, थांबे, पुन्हा फिरे. नवी टाकी लावलेलं जातं जड फिरतं, एकटीला ओढवत नाही. मी दारात आले. भागू दळत होती. टोपलीत पांढरी ज्वारी होती, निवडलेली. मग मान न वळवता म्हणाली, "बगत काय ऱ्हायल्या? खुंट्याला हात लावा."

मी समोर बसले. एका खुंट्यावर दोघींचे हात. पीठ पडत राहिलं. तिची बोटं खरंच सोललेली होती.

प्रार्थनाघरात मी दारापाशी बसले, वहाणांमध्ये. तिथून पुढचं काही दिसत नाही, नुसत्या पाठी दिसतात. हे मला अकरा वर्षांत माहीत नव्हतं. पाळकसाहेबांनी भाकर उचलली आणि ती मोडल्याचा आवाज मला दारापर्यंत ऐकू आला. ताट फिरलं, आणि दारापर्यंत न येता परत गेलं. तसंच व्हायचं होतं.

मग पाठींतून एक पाठ उठली. भागू. हातात तिचा तुकडा, अजून न खाल्लेला. ती सरळ दाराकडं आली आणि वहाणा पायानं बाजूला सारून माझ्याशेजारी बसली. आश्रुबांनी मान वळवून बघितलं आणि तोंड उघडलं. पाळकसाहेब ताटावरचं फडकं नीट करत राहिले, जणू दाराकडं बघायचं त्यांना सुचलंच नाही. आश्रुबांनी तोंड मिटलं.

भागूनं तिच्या तुकड्याचे दोन केले. एक माझ्या तळहातावर ठेवला.

आणि मी काय केलं? कालच रडून मोकळी झालेली, देवानं पोटाशी धरलेली मी, तिच्या हाताकडं बघितलं. तिचा तुकडा मोठा होता.

एवढंसं बघणं. डोळ्याची पापणी लवायला लागते तितकाच वेळ. पण भागूनं ते पकडलं. बारा वर्षं एका अंगणात काढलेली बाई ती, तिच्यापासून काय लपणार? माझं तोंड लाजेनं पेटलं. मला वाटलं, झालं, आता ही उठून जाईल, आणि बरोबरच करील.

"मोठा पायजे व्हय?" ती पुटपुटली.

तिनं माझ्या तळहातावरचा तुकडा उचलला, तिचा तिथं ठेवला, आणि लहान तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला. "खावा आता, आक्का," ती म्हणाली.

मी तो तोंडात घातला. ताजी भाकर, गोड. गिळली.